डेव्हिड पर्नीचं कुलूप

सोमवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी इसोबेल डार्गी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून १६८४ सालचं एक पान वाचत होत्या. मूळ वही हॅमरमेन संघाच्या लोखंडी पेटीत असते. त्यांच्यासमोर संगणकाच्या पडद्यावर तिचा फोटो होता.

हॅमरमेन म्हणजे ज्यांचं पोट हातोड्यावर होतं ते सगळे: लोहार, कुलूपवाले, खोगीरवाले. त्यांचा संघ आमच्या गावात अजून आहे. आताच्या सदस्यांत तीन वकील, एक दंतवैद्य आणि एक गॅरेजवाला. ऐरण कुणाकडेच नाही. पण नदीकडच्या गल्लीत संघाच्या मालकीची सहा छोटी घरं आहेत, आणि ती जुन्या सदस्यांच्या वंशजांना उतारवयात जवळजवळ फुकट राहायला मिळतात. मधे कितीही पिढ्या गेल्या तरी चालतं, फक्त साखळी दाखवावी लागते.

त्यातलं एक घर रिकामं झालं होतं. ते डॉड पर्नी यांना हवं होतं. डॉड बस डेपोत मेकॅनिक होते, वय बहात्तर, बायको जाऊन चार वर्षं झालेली. राहत्या घराच्या मालकाने ते विकायला काढलं आणि वर्षअखेर खाली करा म्हणून कळवलं. घराण्यात कुणीतरी हॅमरमन होता, एवढं आजोबांकडून ऐकलेलं. तेवढ्यावर ते इसोबेलबाईंकडे आले.

इसोबेलबाईंनी गावच्या शाळेत भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर त्या संघांच्या जुन्या वह्या वाचायला शिकल्या. या लिपीत अक्षरं ओळखून काम भागत नाही. मोडी वाचणाऱ्यांना हे सांगायला नको. प्रत्येक कारकुनाचा हात निराळा. आधी ठरलेली वाक्यं शोधायची, प्रमुखाचं नाव, तारीख, प्रार्थनेची ओळ. त्यांतून त्या माणसाची अक्षरं जमवायची आणि मग पुढे सरकायचं. काही कारकुनांचा हात कळायला दोन दिवस लागतात, काहींचा कळायला दोन महिने.

पर्नींचं काम लवकर झालं. १६७९ साली डेव्हिड पर्नी याने किल्लीसह एक कुलूप परीक्षेसाठी बनवून दाखवलं आणि त्याला संघात घेतलं गेलं. त्या कारकुनाचं अक्षर स्वच्छ होतं. चर्चच्या वहीत त्याच वर्षांत डेव्हिड पर्नी आणि ग्रिझेल लाउडन यांची मुलं. तिथून खाली डॉडपर्यंत एकही कडी तुटत नव्हती. इसोबेलबाईंनी दाखला लिहिला, सही केली आणि संघाचे चिटणीस कार्गिल यांच्या हातात दिला. बैठक मंगळवारी होती. घर डॉडना मिळाल्यात जमा होतं.

पुढच्या कारकुनाची पानं मात्र त्यांनी सोडली होती. तो ओळी एकमेकींवर चढवायचा, शब्द अर्धे टाकायचा. दाखल्यासाठी त्या पानांची गरज नव्हती. आता ती वाचायचं कारण एवढंच, की डॉडना नव्या घरात लावायला डेव्हिडच्या नावाची एक जुनी ओळ हवी होती. चौकटही त्यांनी करून घेतली होती.

नाव सापडलं. एकाच नोंदीत दोनदा.

पहिला डेव्हिड पर्नी संघाचा सदस्य, काम तपासायला बसलेल्या चौघांपैकी एक. दुसरा डेव्हिड पर्नी, ‘वरच्याचा चुलतभाऊ, बाहेरचा’, परवान्याशिवाय गावात कुलूप करून विकल्याबद्दल समोर उभा केलेला. त्याला जामीन राहिला त्याचा सासरा, जॉन लाउडन.

ग्रिझेलचा नवरा हा दुसरा होता. डॉड त्याचे वंशज.

आमच्याकडे पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव देतात. दोन भावांना मुलगे झाले की एका नावाचे दोघे तयार होतात, आणि एकाच वयाचे. खुद्द डॉडना त्यांच्या आजोबांचं नाव आहे. दर हिवाळ्यात संध्याकाळच्या वर्गाला इसोबेलबाई पहिल्याच दिवशी बजावतात: नाव जुळलं म्हणून माणूस जुळला असं धरू नका. त्यांनी ते धरलं होतं.

त्यांनी नोंद पुन्हा वाचली, अक्षर अक्षर सुटं करून. चहा गार झाला. त्या घरासाठी दुसरा अर्ज मिना बिसेट यांचा होता. खोगीरवाल्यांच्या वंशातल्या, ती साखळीही इसोबेलबाईंनीच तपासलेली, ती खरी होती. अर्ज नंतरचा, म्हणून नाव खाली.

अकराच्या सुमारास डॉड मागच्या दाराने आत आले. हातात बेकरीची कागदी पिशवी. मांस भरलेल्या ब्रायडी गरम होत्या, कांदा घातलेलीवर खुणेची दोन भोकं.

“दोन भोकांची तुमची, बाई. कांद्याशिवाय तुम्ही खात नाही हे पोरं घरी येऊन सांगायची.”

इसोबेलबाईंनी त्यांना बसायला सांगितलं आणि जे वाचलं ते आडवळण न घेता सांगितलं. डॉडनी टोपी काढली नाही. आधी त्यांनी विचारलं, तेव्हा चुकलात तशा आत्ताही चुकला नसाल कशावरून. बाईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला आणि दोन्ही नावांवर बोट ठेवलं.

“हे अक्षर आहे? कोंबडी नाचून गेलीय.” मग ते म्हणाले, “हे आणखी कोण वाचू शकतं?”

“गावात कुणी नाही.”

“कार्गिलसाहेब?”

“त्यांना छापलेलंही नीट दिसत नाही.”

दोघांपैकी कुणी हसलं नाही.

“काल तुम्ही हे पान वाचलं नव्हतं,” डॉड म्हणाले. “आजही नाही वाचलं असं धरू. कुणाचं काय जातं?”

हाच हिशेब इसोबेलबाई सकाळपासून करत होत्या. त्यांनी मिनाचं नाव घेतलं.

“मिनाला मुलगा आहे. दुमजली घर आहे त्याचं.”

“त्या घरात तिला जागा नाही, डॉड. तुम्हालाही माहीत आहे.”

डॉडना माहीत होतं. ते पिशवीची कड दुमडत बसले. मग म्हणाले, “त्या कुलपाचं काय झालं ते तरी वाचा.”

बाईंनी वाचलं. कुलूप सभेत आणलं, चौघांनी उघडून पाहिलं, काम पुरेसं चांगलं आहे असं ठरलं, आणि मग ते सर्वांसमोर मोडलं.

“चांगलं होतं, तरी मोडलं?”

“तो संघात नव्हता.”

“आणि बघणाऱ्यांत त्याचाच भाऊ.”

“चुलतभाऊ. हो.”

“त्याने त्याचं मोडलं,” डॉड म्हणाले, “आणि तुम्ही माझं.”

डॉड समोर असतानाच इसोबेलबाईंनी कार्गिलना फोन लावला आणि दाखला चुकल्याचं सांगितलं. कार्गिल वैतागले. तीनशे चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट, विषयपत्रिका छापून झाली, दाखला मागे घ्या असं कुणी म्हटलंय का, असं त्यांनी विचारलं. कुणी म्हटलेलं नाही, असं बाई म्हणाल्या. मग तोंडी चालणार नाही, असं कार्गिल म्हणाले. सही करून, लेखी, बैठक सुरू व्हायच्या आत, स्वतः आणून द्या.

फोन ठेवल्यावर त्यांनी डॉडना नगरपालिकेच्या घरांच्या यादीबद्दल विचारलं. मार्चपासून नाव आहे, असं डॉड म्हणाले, आणि पुढे किती जण आहेत ते विचारू नका. अर्ज पुन्हा नीट लिहून द्यायला बाई तयार होत्या. बघू, असं म्हणून ते उठले. दाराशी थांबले.

“ते पान छापून द्या मला. चौकट पडून आहे.”

“कोणती ओळ हवी?”

“कुलपाची. चांगलं होतं असं लिहिलंय ती.”

“लावणार कुठे?”

“भिंत मिळाली की बघू.”

बाईंनी पान छापून दिलं. डॉडनी ते कोटाच्या आत घातलं आणि मागच्या दाराने निघून गेले. पिशवी टेबलावर तशीच राहिली, दोन्ही ब्रायडी आत. इसोबेलबाईंनी कोरा कागद घेतला आणि वर तारीख घातली. खाली लिहिलं, दाखला मागे घेत आहे.

हॅमरमेन संघाचं कार्यालय मंगळवारी सकाळी दहाला उघडतं. बैठक अकराला असते, आणि घरांचा विषय पहिला घेतात.