शेजारच्या चुलीवरचं कालवण

पोलादपूरवरच्या वाडीतून चंद्रभागा निघाली त्याला आज तिसरा दिवस. दासगावच्या बंदरापर्यंत पाय ओढत आली, तिथून ओहोटीबरोबर पडावात बसून बाणकोटला उतरली. पडाव हाकणारा तांडेल हौसेनं म्हणाला, "म्हातारे, वर बघ, किल्ला हाय." तिनं मान वर केली न् खाली घातली. डोंगर जन्मभर बघितले होते. तिला लेक बघायची होती.

आवडीला इथं देऊन सहा वर्षं झाली. अजून मूल नव्हतं, आणि लेकीला मूल होईपर्यंत आईनं तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, ही रीत. म्हणून चंद्रभागा कधी आलीच नाही. आता गुडघे धरले होते. पुन्हा येणं काही व्हायचं नाही.

लेकीच्या घराच्या ओटीवर बसून तिनं फडक्यातली शेवटची नाचणीची भाकरी सोडली. वाळून कडक झाली होती. दात लागेना.

"आये, ताजे बांगडे आलेत," आवडी दारातून म्हणाली. "तू सुकी मासळी सोडून कदी काय खाल्लंस?"

"नाय खाल्लं. न् हितं नाय खायाचं. तुला ठावं हाय."

"मंग उपाशी जाशील?"

"भाकरी हाय की."

आवडी मागल्या दारानं निघून गेली. रुसली असेल. समजूत काढायचंही त्राण नव्हतं. चंद्रभागा भिंतीला टेकली, डोळा लागला.

शेजारच्या प्रयागबाईनं हलवून उठवलं. "आवडीच्या आये, माझ्याकडं जेव. तिथं तर रीत आडवी येत नाय ना?"

जिवावर आलं होतं, पण पोटात आग पडली होती. प्रयागबाईच्या पडवीत पुढ्यात तांदळाची पांढरी भाकरी आली, बांगड्याचं कालवण आलं. पहिल्या घासालाच ती थांबली. लसूण सालासकट ठेचलेली. शेतातून येऊन सोलायला तिला कधी सवड नसायची, म्हणून तिच्याच घरात पडलेली ही सवय.

"कालवण कुणी केलं गो?"

"चूल माझी, मासळी माझी," प्रयागबाई म्हणाली. "आनि काय इचारतेस? जेव गप."

आत धुरात कुणीतरी खोकलं. कांकणं वाजली, थांबली.

चंद्रभागानं मान खाली घालून खाल्लं. दुसरी भाकरी मागून घेतली, कालवण बोटांनी पुसून घेतलं. मग फडक्यातली नाचणीची भाकरी काढून प्रयागबाईपुढं धरली.

"शिळी हाय. तुझ्या घरात कुणाला डोंगरातलं खावंसं वाटलं तर दे."

प्रयागबाई ती घेऊन आत गेली. थोड्या वेळानं आतून कडक भाकरी मोडल्याचा आवाज आला.