आत्याबाईंचा उपवास

मंगळवारी सकाळी अणदूरहून सोलापूरला निघालो, तेव्हाच माझं डोकं फिरलेलं होतं. कारण आत्याबाईंचा उपवास... आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई.

मला स्तनाचा कॅन्सर निघालाय, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. येत्या सोमवारपासून केमो. सोबतीला उमरग्याहून आईला यायला सांगून ठेवलं होतं, सासूपुढं रडायला नको म्हणून...

मूल अजून नाही, आणि केमोनं अंडाशय कायमचं बंद पडू शकतं. म्हणून डॉक्टरांनी एक उपाय सुचवला होता. माझंच रक्त काढून मशीनमध्ये फिरवायचं, प्लेटलेट्स जास्त असलेला भाग अंडाशयात इंजेक्शननं सोडायचा... नुकसान कमी व्हावं ही आशा. अजून अभ्यास चालू आहे, खात्री नाही, हेही त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं.

भूल देणार म्हणून मला उपाशी यायचं होतं, ते ठीक. पण आत्याबाई कशाला उपाशी? नळदुर्गला गाडी थांबली तर चहासुद्धा घेईनात.

देवीचा वार, नातवासाठी काहीतरी नवस बोलून बसल्या असणार, हे मी मनात पक्कं करून टाकलं. इथं माझ्या जिवावर बेतलंय आणि ह्यांना नातू दिसतोय... इतका राग आला की उपवास कशाचा, हे मी विचारलंसुद्धा नाही.

दवाखान्यात नर्सनं रक्त काढायला माझं नाव पुकारलं, तर माझ्याआधी आत्याबाई उठल्या. थेट आत जाऊन खुर्चीत बसल्या, बांगड्या वर सारल्या आणि हात पुढं केला.

"माझं काढा बाई. रिकाम्या पोटी लागतंय म्हणून सकाळधरनं पाणीबी घेतलं न्हाय. हिच्या अंगात आधीच रक्त न्हाय, अजून कुठं काढताव?"

नर्सनं समजावलं, आजी, ह्यांचं ह्यांनाच चालतं. आत्याबाई उठल्या खऱ्या, पण माझा दंड काही सोडेनात... आणि मी तिथंच रडले, सासूपुढंच.

इंजेक्शन उरकून परत येताना नळदुर्गच्या धाब्यावर दोघी एकदमच जेवलो. माझ्या मनात काय आलं होतं, ते त्यांना सांगून टाकलं.

"नातू आला तर येईल गं माय," भाकरी माझ्या ताटात सरकवत त्या म्हणाल्या. "तू ऱ्हा म्हंजे झालं. जेव आता."

इंजेक्शनचा उपयोग होईल की नाही, ते पुढं कळेल. रात्री आईला फोन केला... म्हटलं, तू तुझ्या सवडीनं ये, सोमवारी माझ्यासोबत आत्याबाई आहेत.