शिध्याऐवजी भाकरी

आई एका जागी बसलेली मला आठवतच नाही. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांचं सगळं तिनेच केलं, आणि तरीही रविवारी उपासनेच्या आधी चर्चचे बाक पुसायला ही हजर. कुणी आजारी असो, बाळंतीण असो, हिची पिशवी भरलेलीच. भोरमध्ये आम्हा ख्रिस्ती लोकांची घरं मोजकी, पण आईचा गोतावळा पार वेल्ह्यापर्यंत. चर्चतर्फे तिने गावोगाव शिवणवर्ग घेतले होते, त्यामुळे बायका तिला ‘बाई’ म्हणायच्या. मला त्याचा अभिमान वाटायचा आणि रागही यायचा. मी पुण्याहून यावं आणि घराला कुलूप असावं, हे नेहमीचंच.

एका गोष्टीने तर माझं डोकंच उठायचं. मयताच्या घरी चूल पेटत नाही. भावकीतले, शेजारपाजारचे पिठलं-भाकरी करून नेतात. आई मात्र शिधा न्यायची. पीठ, डाळ, तेल, मिठाची पुडी, सगळं कोरडं. लग्न होऊन आली तेव्हाच सासूने तिला बजावलं होतं, आपल्या हातचं शिजवलेलं सगळ्यांना चालतंच असं नाही, दुःखात कुणाला अवघडून टाकायचं नाही. आईने ते पाळलं. शिधा द्यायचा, ओसरीवर बसायचं, रडणाऱ्या बाईचा हात हातात घ्यायचा आणि आपण त्यांच्या तांब्याला हात लावलेला कुणाला खटकू नये म्हणून पाण्याचा घोटही न घेता उठायचं.

“ज्यांना तुझी भाकरी चालत नाही, त्यांच्याकडे जातेस कशाला?” मी विचारायचे.

“भाकरीसाठी जाते का मी?” एवढं म्हणून ती पिशवी उचलायची.

आई वारली त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. राजगडाखालच्या पालीतून फोन आला. तिच्या एका जुन्या विद्यार्थिनीचा नवरा वारला होता. डॉक्टरांनी आईला प्रवास बंद सांगितला होता. चार पायऱ्या चढली तरी तिला धाप लागायची. मी नाही म्हणून पाहिलं. “तू गाडी काढत नसलीस तर मी एसटीने जाते,” असं म्हणून ती चपला शोधायला लागली. मी गाडी काढली.

कापूरहोळच्या आसपास गाडीत लसणाच्या फोडणीचा वास सुटला. मागच्या सीटवर स्टीलचा डबा होता. म्हणजे हिने शिध्याऐवजी शिजवलेलं घेतलं होतं. हल्ली ती विसरायला लागली होती. आता भरल्या ओसरीत हिचा डबा कुणी बाजूला सारला, तर हिचं काय होईल? मी उगाच हॉर्न वाजवत होते. पुढच्या टेम्पोवाल्याने दोनदा मागे वळून पाहिलं. सांगावं की सांगू नये, हे ठरेना.

“आई, शिधा घरी राहिला का गं?” शेवटी मी विचारलं.

“राहिला नाही, ठेवला,” ती म्हणाली. “अजून किती जणांकडे जायला मिळणार आहे मला? एकदा माझ्या हातचं नेऊ दे.”

“आणि परत दिलं तर?”

“तर परत आणू.” पण तिची बोटं पदराशी सारखी चाळा करत होती.

ओसरी बायकांनी भरलेली होती. भिंतीला टेकून बसलेल्या त्या विद्यार्थिनीने आईला पाहिलं आणि तिला रडू फुटलं. बराच वेळ आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग तिने डबा पुढे सरकवला. एक म्हातारी उठून आत गेली. तिला चाललं नाही की काय, म्हणून मी दाराकडेच बघत होते.

“बाई, शिजवून आनलंत?” विद्यार्थिनीने विचारलं.

“हो गं. चालत नसेल तर राहू दे. मला वाईट वाटायचं नाही.”

“आमाला काय हुतंय?” ती डोळे पुसत म्हणाली. “तुमच्यातच मयताच्या घरी काय घेत न्हाईत, आसं आमाला वाटायचं. माज्या सासूच्या वक्ताला पानी दिलं, तर तुमी तांब्याला हात बी लावला न्हाई. म्हनून म्या कदी भाकरीचं इचारलं न्हाई.”

तिने भाकरी मोडली, पिठल्याला लावली आणि पहिला घास आईच्या हातावर ठेवला. “आदी तुमी खावा. सकाळपासनं उपाशी आसाल.” दोघी एकाच डब्यातून जेवल्या. मला हायसं वाटलं.

परत येताना वाटलं, आता आई खूश असेल. बघते तर ती खिडकीकडे तोंड करून रडत होती.

“सासूबाईंचं ऐकून मी सगळ्यांना एकाच मापाने मोजलं,” ती म्हणाली. “काहींना खरंच चाललं नसतं. पण बाकीच्या? त्यांना वाटलं असेल, बाईच आपलं पाणी घेत नाही. किती घरांतून मी अशी उठून आले गं.” आणि मग ती एकेक घर आठवायला लागली. ही गेली, ती मुलाकडे गेली, त्या घराला आता कुलूप आहे.

मी गाडी कडेला घेतली आणि तिचा हात धरला. ती ओसरीवर बायकांचा धरायची तसाच. सांत्वन करणं आमच्या घरात फक्त तिलाच यायचं.