डाव्या टाकीतला दाणा

बायको उकडा तांदूळ निवडायला बसली, की त्या वासानं मी भंडाऱ्याच्या कामगार न्यायालयात पोचतो. मी मालकांचा वकील. लाखनीच्या एका भातगिरणीच्या मालकातर्फे ठणकावत होतो, "सुखदेव आमच्याकडे कधी कामालाच नव्हता!"

नोकरी परत मागणाऱ्या सुखदेवभाऊंपुढे मी ऐटीत त्याच गिरणीतला मूठभर तांदूळ धरला. "कामाला होतात ना? मग सांगा, कसा आहे?"

त्यांनी एक दाणा चावला. "डाव्या टाकीतला, साहेब. वाफ कमी लागली. पोटात पांढरा रायला."

मागून मालकच ओरडले, "तुले कितीदा सांगतलं, त्या टाकीले जास्त वाफ देत जा म्हणून!"

केस तिथंच संपली. मी मात्र हरल्याचं विसरून हातातल्या दाण्यांकडेच बघत राहिलो.

सुखदेवभाऊ कामावर परतले. मी अजून दाणे चावतो. मला नुसती तांदळाचीच चव लागते.