बाबाजी हवालदारांचा गडगा

आमची पलटण तेव्हा सरहद्दीवर, वझिरीस्तानात होती. साल तीसच्या पुढचं. सकाळी रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या टेकड्यांवर चढायचं, खालून लॉऱ्या जाईपर्यंत पहारा द्यायचा, निशाण हललं की उतरायचं. टेकडीवर पोचताच दगड रचून आडोसा करायचा. फौजेत त्याला संगर म्हणतात. आम्हा रत्नागिरीकरांना तो शिकवावा लागला नाही. आंब्याच्या कलमांभोवती दगडांचे गडगे घालण्यातच आमचं लहानपण गेलेलं.

बाबाजी माझे हवालदार, राजापूरच्या वरच्या अंगाचे. मी नाटे गावचा, हुद्द्याने नाईक. मला प्रत्येक गोष्टीचा कीस काढायची खोड. पेन्शन घ्यावी, मुंबईला गिरणीत जावं, की भावाबरोबर होडी घ्यावी, हे मी त्यांना रोज विचारी. त्यांनी मात्र मागच्या रजेत घरामागच्या कातळात खड्डे फोडले, माती भरली, कलमं लावली आणि भोवती गडगा घातला.

"नोकरी बाकी असताना कशाला ही घाई?" मी म्हटलं.

"झाड माज्या पेन्शनीची वाट बगत बसत नाय."

त्या दिवशी टेकडीवर पोचलो. संगर डावीकडे घालावा की उजवीकडे, ते मी बघत उभा राहिलो.

"नाईक, काय करतंस?"

"जागा ठरवतोय, हवालदारसाहेब."

"धोंडा ठेव आदी. चुकला तर उचलू."

संगर गुडघ्याएवढा झाला आणि समोरच्या डोंगराच्या धारेवरून टोळीवाल्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. आम्ही त्याच्यामागे आडवे झालो, म्हणून वाचलो. बाबाजी आणखी एक दगड आणायला बाहेर गेले होते. गोळी त्यांच्या मानेत लागली. निशाण हललं तेव्हा आम्ही त्यांना घेऊनच उतरलो.

रजा मिळताच त्यांच्या घरी निघालो. ते गेल्याची तार आधीच पोचली होती. तरी वहिनींशी काय बोलावं, याची जुळवाजुळव मी आगगाडीत केली, बोटीत केली, राजापूरपासून पायवाटेनेही करत राहिलो. एक वाक्य धड वाटेना.

घर आलं. मागे गडग्याला खिंडार पडलेलं, आत शेळ्या कलमांचे शेंडे खात होत्या आणि वहिनी एकट्याच त्यांना हाकत होत्या. मी सामान खाली ठेवलं, शेळ्या बाहेर काढल्या, पडलेला धोंडा उचलून जागेवर ठेवला. पुढचा वहिनींनी हातात दिला. खिंडार बुजेपर्यंत आम्ही असेच धोंडे लावत राहिलो.

"तुमी नाट्याचे नाईक ना?" त्यांनी विचारलं.

"होय, वहिनी."

"ते पन घरात यायच्या आदी गडगाच बगायचे."

मग त्या रडल्या. मीही रडलो.

परत जाऊन मी पेन्शन घेतली आणि भावाबरोबर होडी घेतली. कलमं फळाला आली त्या वर्षी वहिनींनी टोपलीभर आंबे नाट्याला पाठवले. पहिला मी बाबाजींच्या नावाने बाजूला काढून ठेवला. मग पोरांना म्हटलं, "बघत काय बसलात? खा."