नायब म्हणा, मास्तर

बाबालाल मुजावर पहिल्यांदा दारात आला तेव्हा मी "या सुभेदार, बसा" म्हणालो आणि फाडकन बोलणी खाल्ली.

"सुभेदार न्हाय. नायब सुभेदार. नायब म्हणा, मास्तर. जे न्हाय ते लावू नका मला."

आता मी पण कोल्हापूरचाच. राजारामपुरीत माझं टायपिंगचं दुकान, तीन मशिनं, वर पत्रा, आणि माझं डोकं त्या पत्र्याच्या आधी तापणारं. म्हणालो, "अवो पावणं, मान दिला तर घ्यावा की! फुकट हाय." तर हा गडी ताठ उभा. कडक इस्त्रीचा शर्ट, काखेत फाईल. हातकणंगल्याहून सकाळच्या गाडीनं आल्ता.

"फुकटचं नगोच हाय. हक्काचं पायजे."

हे शहात्तर सालचं. तो नुकताच मिलिटरीतून रिटायर झाला होता. त्याचं गाऱ्हाणं साधं होतं. एकाहत्तर साली हवालदाराचा नायब सुभेदार म्हणून त्याची निवड झाली. पण हुद्दा मिळण्याआधी कचेरीकडून एक संमतीपत्र येतं, त्यावर सही करून मुदतीत परत धाडावं लागतं. ते पत्र याला आलंच नाही. सही नाही म्हणून बढती दीड वर्षं लटकली. तेवढ्यात मागची पोरं पुढं गेली, आणि सुभेदार व्हायच्या आत याची नोकरीची वर्षं भरली. बढतीची तारीख दुरुस्त झाली तर मागल्या तारखेनं सुभेदारकी मिळणार होती. कचेरी म्हणायची, पत्र पाठवलं. हा म्हणायचा, आलं नाही.

"एवढा जीव कशाला काढता त्या एका शब्दासाठी?" मी विचारलं.

"माझा बाप मौलाली. पलटणीच्या भटारखान्यात जन्म गेला त्याचा. सुभेदार दिसला की पळी खाली ठेवून सलाम ठोकायचा. मला म्हणायचा, एक दिवस तुला ठोकतो. मेला बिचारा." एवढं बोलून त्यानं फाईल उघडली.

मग सुरू झाले अर्ज. पाच वर्षांत एकतीस! सौम्य अर्ज फायलीखाली जातो ही माझी पक्की समजूत. म्हणून दहाव्या अर्जात मीच मीठमसाला घातला. पत्रं रवाना करणाऱ्या कारकुनाचं नाव एका उत्तरात आलं होतं, हंबीरराव. मी ठोकून दिलं, 'सदर हंबीरराव यांनी जाणूनबुजून पत्र दाबून ठेवले.'

बाबालाल अडखळला. "जाणूनबुजून कशाला? आपण बघितलंय व्हय?"

"बंदूक तुम्ही चालवलीसा. हे मशीन मला चालवू द्या."

त्यानं सही केली, पण मनातून नाही. नंतरच्या प्रत्येक अर्जात मी ते वाक्य घातलं आणि प्रत्येक वेळी तो त्या ओळीपाशी थांबला. मला काय, मला चेव चढला होता.

एक्क्याऐंशीच्या मार्चमध्ये निकाल आला. मी मोठ्यानं वाचत गेलो आणि बाबालाल खुर्चीला धरून उभा. पत्र रवाना झाल्याची पावती लढाईच्या गडबडीत गहाळ, सबब अर्जदाराचं म्हणणं मान्य. बढतीची तारीख दुरुस्त. अर्जदार सुभेदार! खाली आणखी एक परिच्छेद होता. हंबीरराव यांच्यावर निष्काळजीपणाचा ठपका ठेवून त्यांची बढती तीन वर्षं रोखण्यात येत आहे.

"बरं झालं! भोग म्हणावं कर्माची फळं," असं मीच म्हणालो. या तोंडानं. बाबालाल दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. मग डोळे पुसून म्हणाला, "रविवारी घरला या, मास्तर. मटण करतोय."

रविवारी हातकणंगल्याला गेलो. जेवण असं की पोटावर हात फिरवत बसलो. त्याची बायको खैरुनबी, साधी बाई, अक्षराची ओळख नाही, पण वाढण्यात हात सैल. बाबालालनं तिला निकालाचं पाकीट दिलं, "जपून ठेव."

तिनं पाकिटावरचा शिक्का निरखला, आणि सहज बोलून गेली, "वर ठिवते. त्येच्याजवळच."

"त्येच्याजवळ म्हंजे? कुणाजवळ?"

बाईनं पाकीट पदराखाली घेतलं.

"खैरुन, कुणाजवळ?"

तिनं फळीवरची कुराणशरीफाची हिरवी कापडी पिशवी खाली घेतली. आतून एक पाकीट काढलं. पिवळं पडलेलं, लाखेचे शिक्के तसेच्या तसे. शिक्का तोच, पलटणीच्या कचेरीचा. उघडलेलंच नव्हतं! माझ्या हातातला विडा खाली पडला.

"नगा उघडू!" ती किंचाळली. "तुमच्या पाया पडते, उघडू नगासा."

"कवा आलं हे?"

ती भिंतीला टेकून खाली बसली आणि सांगायला लागली. एकाहत्तरच्या नोव्हेंबरात बाबालाल दोन महिन्यांच्या रजेवर आला होता, पंधराव्या दिवशी तार आली आणि परत गेला. डिसेंबरात लढाई जुंपली.

"शेजारच्या तानाबाईचा ज्ञानू लढाईत गेल्याची तार आली. वाचली, आन् माऊली जी पडली ती पडलीच. चौथ्या दिशी कृष्णात पोस्टमन आमच्या दारात. ह्येच पाकीट. अंगठा दे म्हणला, दिला. वाचून दावू का म्हणला. म्हणलं, हात लावून तर बघ! म्हणलं, वाचलं की खरं हुतंय. न वाचता अल्लाच्या कलामापाशी ठिवलं. त्यो बघील काय ते. आन् बघितलं की त्यानं! फागणात चालत आलासा तुमी दारात."

"अगं, मी तुला हज्जारदा इचारलं, बढतीचं पत्र आल्तं का!"

"बढतीचं न्हाईच आलं. ह्यो त्यो कागद हाय. जित्या माणसाला त्याच्या मरणाचा कागद कोण दावतंय व्हय?"

बाबालालनं पाकीट फाडलं. इंग्रजी होतं, म्हणून माझ्याकडं दिलं. मी वाचलं. तारीख बावीस नोव्हेंबर. रजेच्या पत्त्यावर पाठवलेलं. नायब सुभेदारपदी निवड, सोबत संमतीपत्र, मिळाल्यापासून पंधरा दिवसांत सही करून परत धाडा. संमतीपत्रसुद्धा घडीत होतं, कोरं. मी नुसतं ते कोरं पान त्याच्यापुढं धरलं. त्याला कळलं. दहा वर्षं हा माणूस कचेरीला शिव्या घालत होता आणि पत्र त्याच्या डोक्यावरच्या फळीवर होतं! आणि हंबीरराव? त्या बिचाऱ्यानं पत्र धाडलं होतं, बिनचूक, शिक्का मारून. आणि मी, हा शहाणा आकाराम, 'जाणूनबुजून' लिहून बसलो होतो. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

"काय लिवलंय?" खैरुनबीनं विचारलं. "अवं, सांगा की, काय लिवलंय?"

बाबालालच्या कपाळाची शीर फुगली होती. मला वाटलं, आता हा बाईवर हात टाकतो. तो तिच्यासमोर जाऊन उकिडवा बसला.

"तू म्हणत हुतीस तेच," तो म्हणाला. "मरणाचाच कागद हुता. तू उघडला न्हाईस म्हणून वाचलो."

ज्यानं मला फुकटचं 'सुभेदार' कधी म्हणू दिलं नाही, तो माणूस बोलला हे. बाईनं पदर तोंडावर घेतला आणि हमसून हमसून रडली.

सोमवारी पहिल्या गाडीनं तो दुकानात हजर. झोपलेला दिसत नव्हता.

"लिवा, मास्तर. पत्र माझ्या घरी पोचलं हुतं. कचेरीची चूक न्हाय, घरचा मालक म्हणून चूक माझी. माझी तारीख होती तशी करा, आन् हंबीररावांची बढती सोडा."

"अहो, कुणाला कळणार आहे?" लाज सोडून मी म्हणालो. "पाकीट चुलीत घाला. बापाचा सलाम आठवा जरा!"

"बाप खऱ्या सुभेदाराला ठोकायचा," तो म्हणाला. "लिवा."

मी लिहिलं. 'जाणूनबुजून' हा शब्द माझा होता, हेही लिहिलं, खाली माझी सही केली. त्याच्या सहीखाली हुद्दा टाइप करायची वेळ आली. कचेरीच्या कागदावर तो अजून सुभेदार होता. माझी बोटं मशिनावर थांबली.

"नायब," तो म्हणाला.

चार महिन्यांनी कचेरीचं उत्तर आलं. बढतीची तारीख परत फिरली, बाबालाल पुन्हा नायब, हंबीरराव सुटला. मी ते द्यायला हातकणंगल्याला गेलो तेव्हा खैरुनबी दारात तांदूळ निवडत शेजारणींना सांगत होती, आपण कागद उघडला नाही म्हणून मालक कसा लढाईतून जिवंत परत आला ते.

"खोटं वाटतंय? ह्या मास्तरास्नी इचारा. त्येंनी सोता वाचलाय कागद."

चार बायकांनी माझ्याकडं बघितलं. आत बाबालाल खाटेवर बसला होता, तोही बघत होता. माझ्या खिशात कचेरीचं ते उत्तर होतं.

"खरं हाय," मी म्हणालो.