तळ्याच्या गाळाने दिलेली साक्ष

पोलिसातल्या नोकरीत खून पुष्कळ तपासले. पण जो खून झालाच नव्हता, त्याचा तपास अजून लख्ख आठवतो.

हिंगोली जिल्हा तेव्हा नवाच झाला होता. डोंगरकड्याच्या बाजूला एका तळ्यात तरुण शेतकऱ्याचे प्रेत वर आले. ते इतके फुगले होते की डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणाबद्दल मत राखून ठेवले. छातीचे हाड, तळ्याचे पाणी आणि गाळ सीलबंद करून आम्ही प्रयोगशाळेत पाठवले.

मग पोलीस पाटलाने खबर आणली. "साहेब, हा गायब व्हायच्या आदल्या दिशी नवराबायकोचं लई भांडण झालतं. सासराबी आलता."

ठाण्यात आणलेली बायको एकच सांगत होती, "ते म्हशीमागं गेले. म्हैस चिखलानं भरून घरी आली, ते आले न्हाईत."

सासऱ्याला, म्हणजे तिच्या बापाला, चौकशीला बसवले, तर म्हाताऱ्याने हातच जोडले. "मीच गळा दाबून मारला अन् मंग तळ्यात टाकला. माझ्या पोरीला सोडा."

ठाण्यात सगळे खूश झाले. मला मात्र खटकले. गळा कुठे दाबला, प्रेत कसे नेले, दर वेळी उत्तर वेगळे. तरीही कबुलीनंतर अटक करणे भाग होते.

पुढे प्रयोगशाळेचा अहवाल आला. पाण्यात आणि गाळात डायटम नावाचे, डोळ्यांना न दिसणारे, काचेसारख्या कवचाचे शेवाळ असते. बुडणाऱ्याच्या श्वासाबरोबर ते फुप्फुसात शिरते आणि रक्तातून हाडाच्या मगजापर्यंत जाते. मेलेल्याचे रक्त फिरत नाही, म्हणून ते तिथवर पोचत नाही. इथे मगजात त्याच तळ्याचे डायटम भरपूर होते. म्हणजे तो पाण्यात पडला तेव्हा जिवंत होता. म्हाताऱ्याची कबुली खोटी होती.

आम्ही पुन्हा तळ्याभोवती विचारपूस सुरू केली. वारंगा फाट्याजवळ मुक्कामाला उतरलेला एक मेंढपाळ अखेर बोलला. "म्हैस गाळात फसली व्हती. तिला काढाया हा गेला. म्हैस निघाली, हाच रुतला. मी पल्याडच्या काठाला. फिरून येस्तोवर दिसंना. पोलिसाच्या भेवानं गप बसलो, साहेब."

न्यायालयाला कळवून म्हाताऱ्याला सोडवले. मी विचारले, "बाबा, खोटं काहून बोललात?"

त्याने उलट मलाच विचारले, "मंग पोरीनं न्हाई ना केलं?"

"नाही. पाय रुतून बुडाला तो."

म्हातारा तिथेच खाली बसला आणि लेकराने रडावे तसा रडला. लेक त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. नवरा गेल्याचे दुःख तिच्या तोंडावर होतेच. पण बापलेक घरी निघाले, तेव्हा बरोबर निघाले. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

माणूस गुन्हा कबूल करतो तो दर वेळी केलेल्या कर्माच्या ओझ्यानेच असे नाही. त्यानंतर कुणी सहज कबुली दिली, की मी आधी एकच गोष्ट शोधत असे: हा कुणाला वाचवतो आहे?